सांगा बघू

सिस्टरनं पिशवी उलटी केली आणि गोळ्यांचा ढीग पलंगावरच्या हिरव्या चादरीवर सांडला. पिशवी साडीच्या दुकानाची, बंद मुडपून मुडपून मऊ पडलेली. तिच्यातून काय काय निघालं! अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, आईची थायरॉइडची बाटली, इसबगोलचं पाकीट, कधीच्या काळचं डोळ्यांत घालायचं औषध आणि दोन सुट्या गोळ्या, ज्यांना चक्क हिंगाचा वास येत होता. आमच्याकडे ही पिशवी फडताळात मसाल्याच्या डब्याशेजारी राहते, त्याचा हा प्रसाद. अण्णांचा उजवा हात फळी बांधून छातीशी घेतलेला. पहाटे मोरीत पडले होते. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, दुसऱ्या दिवशी प्लेट बसवायची होती आणि भूलतज्ज्ञ बाईंनी घरच्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितलं होतं. मी आपली अख्खी पिशवीच उचलून आणली. सिस्टर सुरगाण्याकडची असावी, तिच्या मराठीला तिकडचा हेल होता. तांदूळ निवडावेत तशी ती बोटानं एकेक पट्टी बाजूला सारत होती. मान वर न करताच म्हणाली, "बाबा, सकाळी उठल्यापासून कोणकोणत्या गोळ्या घेता, सांगा बघू."

मी तोंड उघडलं. "ताई, तुम्ही नको," ती म्हणाली. "बाबांना सांगू द्या."

अण्णांनी सांगितलं. चहाच्या आधी ती बारकी पांढरी. नाश्त्यानंतर ती दोन रंगांची. संध्याकाळी पाणी काढायची. रात्री आणखी दोन. सिस्टरनं ढिगातून दोन पट्ट्या उचलल्या, ट्यूबलाइटच्या उजेडात तिरक्या धरून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाली, "या दोन्हींत एकच औषध आहे की." आवाजात ना धक्का, ना ठपका. फडताळ आवरताना दोन डब्यांत साखर सापडली की बाई म्हणेल, तसं. आणि ती पुढच्या पट्टीकडे वळली.

मी मात्र तिथंच अडकले.

पांढरी गोळी अण्णा सहा वर्षं घेत होते. अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम, रक्तदाबाची. आमच्या जेल रोडच्या डॉक्टरांनी दिलेली. दोन रंगांची, दिवाळीनंतर छातीत दुखतंय म्हणून चार दिवस एका दवाखान्यात ठेवलं होतं, तिथून आलेली. तिचं नाव वेगळं, रूप वेगळं, पट्टी चकचकीत. पण तिच्या पोटात दोन औषधं होती: टेल्मिसार्टन, तेही रक्तदाबाचंच, आणि तेच अ‍ॅम्लोडिपिन, पुन्हा ५. जुनी बंद करून ही सुरू करायची, असा तो हिशेब. त्यातलं 'जुनी बंद करून' दवाखान्यापासून जेल रोडपर्यंतच्या रस्त्यात कुठंतरी पडलं आणि फक्त 'ही सुरू' घरी पोचलं. पंधरा दिवसांत अण्णांच्या पायांना सूज आली. संध्याकाळी मोजे काढले की वळात बोट बसावं एवढी. अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजू शकतात ही काही गुप्त माहिती नाही, पण ती आपल्या कामाला येते पाय सुजून गेल्यावर. आम्ही जेल रोडच्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर त्रेचाळिसावा, फाइल घरी राहिलेली. त्यांनी नडगी दाबून पाहिली आणि पाणी काढायची गोळी दिली. त्या गोळीनं अण्णा रात्री तीन-तीनदा उठायला लागले. डिसेंबरातली नाशिकची पहाट, अंथरुणातून ताडकन उठणं, रक्तदाब आधीच खाली आलेला, मोरीतली ओली शहाबादी फरशी. एका औषधाच्या त्रासाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध द्यायचं, याला डॉक्टर लोक 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' म्हणतात, हे मला नंतर कळलं. कॅस्केड म्हणजे पायरीपायरीनं कोसळणारं पाणी. सोमेश्वरचा धबधबा कोसळतो तसं.

खरं सांगायचं तर पडण्याचं खापर गोळीवर फोडावं का, याबद्दलही माझ्या मनाचा निकाल लागलेला नाही. १० मिलिग्रॅम काही जणांना रीतसर देतात. मोरीतला बल्ब गेला होता आणि तो बदलायचं मी दोन आठवडे उद्यावर टाकत होते. भूलतज्ज्ञ बाई एवढंच म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाच्या पडण्याला एक कारण कधीच नसतं," आणि जुनी पांढरी तिथल्या तिथे खोडून टाकली. पायांची सूज पुढच्या दहा-बारा दिवसांत उतरली. सूज उतरली तसा माझा 'बल्बमुळेच पडले असतील' हा आधारही उतरत गेला.

त्या पहिल्या दवाखान्यातून घरी सोडलं तो दिवस मला नको इतका आठवतो. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर 'आज घरी' म्हणाले तेव्हा साडेदहा वाजले होते. आम्ही घरी पोचलो तेव्हा आईची दिवेलागण होऊन गेली होती. मधला सगळा वेळ विम्याच्या मंजुरीत गेला. बिलिंगच्या खिडकीपाशी आधारची झेरॉक्स, पॉलिसीची झेरॉक्स, पुन्हा आधारची झेरॉक्स. आईनं अण्णांचं आभा कार्डही लॅमिनेट करून ठेवलंय, चौदा आकडी नंबरचं. कुठल्याही डॉक्टरला आपली सगळी कुंडली त्यावरून दिसायची सोय आहे म्हणे. ते मी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलं होतं. ते तसंच वर राहिलं. अर्थात दाखल करताना 'आधी कुठली औषधं चालू आहेत' असं तिथं विचारलं होतं, ते नाकारून चालणार नाही. मीच सांगितलं होतं, "बीपीची एक चालू आहे." कुठली? नाव मला येत नव्हतं. पांढरी, बारकी. त्यांनी ते लिहून घेतलं असेल तर कसं लिहिलं असेल, देव जाणे.

खिडकीशेजारच्या बाकावर पेठकडचे एक म्हातारबाबा बसले होते, एक्स-रेचं मोठं पाकीट गुडघ्यांत धरून. त्यांचा नातू त्यांना कागद वाचून दाखवत होता. "बीडी लिहिलंय, आज्या." म्हातारबाबा दचकले. "आरं, बिडी तर बंद कर म्हनला ना मला मघा?" सगळा बाक हसला. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीपुढे डॉक्टर लॅटिनवरून आलेलं बीडी लिहितात, हे बाकावरच्या कुणीतरी समजावून सांगितलं. मीही पोटभर हसले. आणि आपल्या मांडीवरच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते पाहायची बुद्धी मला झाली नाही. चारच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर आला, पंचविशी-सव्विशीचा, डोळ्यांखाली काळं. ॲप्रनच्या खिशाला शाईचा डाग. काउंटरवर त्याचा डबा पिशवीतच होता, गाठ न सोडलेला. तो भराभर बोलत गेला, पेनानं कागदावर एकेक ओळ दाखवत. माझ्या डाव्या कानाला फोन होता, फोनवर विम्याचं होल्डचं संगीत. शेवटी त्यानं विचारलं, "समजलं ना?"

मी म्हटलं, "हो हो. समजलं."

हा 'समजलं ना' काय प्रकार आहे, याचा मी त्यानंतर फार विचार केला. आपल्याकडे तो प्रश्न नसतोच मुळी. तो निरोप असतो. 'येऊ का मग?' याला जसं कुणी 'नका येऊ' म्हणत नाही, तसं 'समजलं ना'ला कुणी 'नाही' म्हणत नाही. शाळेत गणिताचे गुरुजी फळ्याकडे तोंड करून विचारायचे, "समजलं का रे?" आणि वर्ग छप्पर उडेल असा "होऽऽ" म्हणायचा, ज्याला अजिबात कळलेलं नसे त्याचा आवाज सगळ्यांत वर. पाचवीत आम्हाला एक बाई आल्या, त्यांनी कधी 'समजलं का' विचारलं नाही. खडू पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "ये, तू सांग बघू." त्या खडूची भीती अजून माझ्या पोटात आहे. पण त्रैराशिक मला त्या बाईंमुळे येतं, हेही खरं. डॉक्टर-सिस्टरांच्या शिक्षणात या रीतीला 'टीच-बॅक' म्हणतात; सांगून झालं की समोरच्याकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यायचं. परीक्षा रुग्णाची नाही, आपण नीट सांगितलं का याची. पाचवीतल्या बाईंना हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि सुरगाण्याच्या सिस्टरनंही नाव-बिव काही घेतलं नाही.

आईला हे सांगायचं धाडस मला दोन दिवस झालं नाही. सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत, पण भाकरी एका बाजूला जाड झाली. "मीच देत होते रोज," एवढंच म्हणाली. आईला इंग्रजी वाचता येत नाही. गोळ्या ती रंगावरून आणि पट्टीच्या आवाजावरून ओळखते. कुठली कडक वाजते, कुठली मऊ. मेडिकलवाला कात्रीनं पट्टी कापतो तेव्हा नावाचा मोठा भाग दुकानात राहतो आणि घरी येतात ती शेवटची दोन-तीन अक्षरं. एक्सपायरीची तारीख तर हमखास दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेली असते. अशा बिननावाच्या पट्ट्यांवर आईनं सहा वर्षं एकही चूक केली नव्हती. नवी गोळी आली, जुनी थांबव असं कुणी म्हटलं नाही, आणि जुनीची दीड पट्टी शिल्लक होती. आमच्या घरात शिल्लक टाकत नाहीत. शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, अर्ध्या पट्टीचा डोस. मी म्हटलं, आई, तुझी नाही गं चूक. ती म्हणाली, "मग कुणाची?" तव्यावरची भाकरी फुगलीच नाही.

कुणाची, याचं उत्तर मी शोधत बसले त्याला तिचा तो प्रश्नच कारण झाला. गोळे कॉलनीत अण्णांची औषधं आणायला गेले होते; सगळ्या जिल्ह्याची औषधं तिथं खोक्याखोक्यांनी उतरतात, टेम्पो उलटे घुसलेले, हमालांच्या खांद्यावर सलाइनच्या बाटल्या, गाडी लावायला वीतभर जागा नाही. एवढं औषध एका गल्लीत, आणि 'जुनी बंद करा' हे तीन शब्द यातल्या कुठल्याच खोक्यात मिळत नाहीत, असं माझ्या मनात आलं. जरा नाटकीच विचार. पण मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत मी तोच करत होते.

अण्णा नोट प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात, त्यामुळे आमच्या भागात घरटी एक माणूस प्रेसमधलं. अण्णा तपासणीवर होते. ताव डोळ्यांखालून घालवायचे. शाई फिसकटलेला, आकडा सरकलेला, रेघ केसभर हललेली, असा ताव बाजूला. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा डोळे लाल असायचे, आणि जेवताना पापडसुद्धा दोन्ही बाजूंनी बघून मग मोडायचे. "एक ताव कमी भरला की अख्खं सेक्शन थांबायचं," हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एकानं मोजलेलं दुसऱ्यानं पुन्हा मोजायचं. दुसऱ्यानं पहिल्याच्या शब्दावर विसंबायचं नाही आणि पहिल्यानं त्याचा राग मानायचा नाही. तशी रीतच होती. दवाखान्यात पलंगावर पडल्या पडल्या अण्णांनी हनुवटीनं त्या साडीच्या पिशवीकडे दाखवलं. "दहा रुपयांची नोट, ती चार जणांच्या हातून जायची. आणि हे?" मी चिडलेली होते. म्हटलं, अण्णा, तुम्हीही सहा आठवडे दोन्ही गोळ्या तळहातावर घेऊन बघतच होतात की. हे बोलायला नको होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तपासायचंय असं कुणी सांगितलं असतं तर तपासलं असतं. मला वाटलं, तपासूनच आलंय."

मलाही तेच वाटलं होतं. आईलाही. जेल रोडच्या डॉक्टरांनाही तेच वाटलं असेल.

दवाखान्यातल्या त्या सोबतीच्या खुर्चीत झोप येत नाही. ती खुर्ची झोप येऊ नये म्हणूनच बनवतात, असा माझा संशय आहे. रात्री मोबाइलवर इकडचं तिकडचं वाचताना मला बोस्टनचे एक सर्जन भेटले. अर्नेस्ट कॉडमन. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ते तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: ज्याच्यावर उपचार केले तो माणूस पुढे कसा आहे, हे दवाखान्यानं त्याला गाठून विचारावं, आणि बरा नसेल तर का नाही, तेही लिहून ठेवावं. प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड. 'एंड रिझल्ट', म्हणजे अखेरीस काय झालं ते. सहकाऱ्यांना हे पटलं नाही. पटलं नाही म्हणण्यापेक्षा परवडलं नसावं. १९१४ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. स्वतःचा छोटा दवाखाना त्यांनी १९११ मध्येच काढला होता. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला, आणि त्यात स्वतःच्या दवाखान्याच्या १२३ चुकाही छापल्या. आपणहून. १९१५ च्या एका सभेत त्यांनी वाळूत डोकं खुपसलेल्या, सोन्याची अंडी देणाऱ्या शहामृगाचं मोठं व्यंगचित्र लावलं आणि शहरातल्या डॉक्टरांना असं काही डिवचलं की डॉक्टरांच्या संघटनेतलं असलेलं पदही गेलं. माणूस तिरसट असणार. १९४० मध्ये वारले, आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१४ साल उजाडलं.

मला त्यांच्या हिशेबापेक्षा त्यांचा प्रश्न जवळचा वाटला. 'आता कसं आहे?' हा प्रश्न अण्णा घरी आल्यावर आमच्या जिन्यावर प्रत्येकानं विचारला होता. दूधवाल्यानं विचारला, इस्त्रीवाल्यानं विचारला, ज्यांच्याशी गेली चार वर्षं आमचं पार्किंगवरून भांडण आहे त्यांनीसुद्धा दार किलकिलं करून विचारला. दवाखान्यानं नाही.

नाही, चुकलं. दवाखान्याचाही फोन आला होता, तिसऱ्या दिवशी. ध्वनिमुद्रित गोड आवाज. आमची सेवा कशी वाटली, एक ते पाचमधलं बटण दाबा. स्वच्छता? ४. कर्मचाऱ्यांची वागणूक? ४. पार्किंग? मी २ दाबलं. त्याच वेळी अण्णा आतल्या खोलीत दोन्ही गोळ्या घेत होते.

मनगटाच्या ऑपरेशनच्या दिवशी अण्णांना चार जणांनी चार वेळा नाव विचारलं. वॉर्डमध्ये एकदा, स्ट्रेचरवर एकदा, थिएटरच्या दारात एकदा, आणि आत नेताना पुन्हा. चौथ्यांदा अण्णा वैतागले. "अहो बाई, डोकं नाही आपटलं, हात मोडलाय." "कुठला हात, आजोबा?" तिनं विचारलं. फळी बांधलेला हात तिच्या नाकासमोर होता. तरी अण्णांच्या तोंडून 'उजवा' ऐकल्यावरच तिनं त्या दंडावर मार्करनं बाण काढला. बाहेर आल्यावर, भूल पुरती उतरायच्या आत, अण्णांचं पहिलं वाक्य होतं, "सत्यनारायणाला बसवलं होतं मला. गोत्र तेवढं विचारायचं राहिलं." चेष्टा सोडा, पण संकल्पातही यजमानाकडून मोठ्यानं वदवून घेतात ते उगाच नसणार. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायची एकोणीस मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये काढली. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. २००९ मध्ये हे आकडे छापून आले. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. नाव काय, बाजू कुठली, कापसाचे बोळे मोजले का. प्रेसमधल्यासारखं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी हीच यादी सरकारी फर्मानानं सुरू केली आणि २०१४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यादी तीच, रुग्णालयं चांगली. यावर जाणकारांत पुष्कळ वाद झालेत. माझं मत विचाराल तर टिक करणं सोपं असतं आणि मोठ्यानं म्हणणं अवघड. सगळ्यांत ज्युनियर सिस्टरनं सगळ्यांत मोठ्या सर्जनला 'सर, थांबा, बाजू कुठली?' म्हणायचं, यासाठी कागद पुरत नाही. त्या कागदामागे कुणीतरी आधी त्या सर्जनला सांगून ठेवलेलं असावं लागतं, की ती विचारील आणि तुम्ही रागवायचं नाही. आमच्या डिस्चार्ज कार्डावरही खाली एक चौकोन होता, 'रुग्णास व नातेवाइकांस समजावून सांगितले'. त्यात टिक होती. शेजारी माझी सही.

त्याच महिन्यात मावसकाकांच्या दशक्रियेला रामकुंडावर गेले होते. सकाळची थंडी, कुंभमेळ्याच्या कामांनी उकरलेले रस्ते, ओल्या पायऱ्यांवर भाताचा आणि फुलांचा मिसळलेला वास. पिंड मांडून सगळे कावळ्याची वाट बघत उभे. कावळा लवकर येईना. नारोशंकराच्या घंटेकडे बघत उभी असताना मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. दहावा, मग तेरावा, मग महिन्याचं. आपल्याकडे मेलेल्याचे दिवस ठरलेले आहेत. जन्मलेल्याचेही. पाचवीला सटवाई येते, बाराव्याला बारसं. कुठल्या दिवशी कोण घरी येणार, हातात काय आणणार, हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला? त्याला मोसंबी आणणारे येतात, ते मिळेल तेव्हा. त्याच्यासाठी ठरलेला एकही दिवस नाही.

बाळांच्या बाबतीत मात्र सरकारनंही दिवस ठरवले आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. या जाण्यामागे आपल्याच राज्यातली मोठी गोष्ट आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचे श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, आणि हे सगळं बाळाच्या घरी जाऊन. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि पुढे देशभराची योजना झाली. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची सून दिंडोरीजवळ राहते. तिच्या बाळाला बघायला मी गेले, नेमक्या तेव्हा तिथल्या आशाताई आल्या. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, द्राक्षाच्या मळ्यातून चालत आल्यानं चपला चिखलानं जड. हात धुतले, बाळाचं दुपटं सोडलं आणि घड्याळ धरून श्वास मोजत बसल्या. त्या मिनिटभरात घरात कुणी बोललं नाही, कुकरचीसुद्धा शिट्टी झाली नाही. मग त्या सुनेला म्हणाल्या, "अंगावर कशी घेतेस, दाखव बघू." सून लाजली. आशाताई वाट बघत बसून राहिल्या.

मी परत येताना म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फाटकासमोरून आले. १९९८ मध्ये हे विद्यापीठ सुरू झालं, राज्यातल्या बहुतेक डॉक्टरांच्या पदव्या तिथून निघतात. माझी भाची एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्याशी रात्री बोलले. ती म्हणाली, "मावशी, आम्हाला शिकवतात हे. 'एटकॉम' म्हणतात त्याला, २०१९ पासून आहे अभ्यासक्रमात. पेशंटशी बोलायचं कसं ते." मला बरं वाटलं. म्हटलं, चल, मी पेशंट, मला मधुमेहाची गोळी समजावून सांग. तिनं छान सांगितलं, जेवणाशी संबंध, साखर फार उतरली तर काय करायचं, सगळं. माझ्याकडे बघून बोलली. आणि शेवटी म्हणाली, "समजलं ना?" दोघी एकदमच हसलो. तिनं जीभ चावली. "अगं, वॉर्डमध्ये सर तसंच म्हणतात ना," ती म्हणाली. "आणि मागं सत्तर पेशंट असतात."

सत्तर पेशंट. तेही खरंच आहे. त्या शाईच्या डागवाल्या पोरावर मला चिडता येत नाही ते यामुळंच. चिडायला गेलं की तो न सोडलेला डबा आठवतो.

आता अण्णांच्या हातात बरीच ताकद आली आहे. फिजिओनं दिलेला पिवळा चेंडू दाबत टीव्ही बघतात. लिहिणं अजून डाव्या हातानं, मोठ्या वाकड्या अक्षरात, पहिलीतल्या पोरासारखं. प्रेसच्या युनियनची एक जुनी डायरी त्यांनी ट्रंकेतून काढली आणि फूटपट्टीनं रकाने आखले: नाव, कशासाठी, कुणी दिली, कधीपासून, कधीपर्यंत. बंद झालेल्या गोळीवर लाल रेघ. पहिली लाल रेघ त्या पांढऱ्या गोळीवर मारली, तीही दोनदा. साडीची पिशवी आईनं मसाल्यापासून हलवून देव्हाऱ्याखाली ठेवली आहे. ती पट्टी उचलते, वाजवून बघते, रंग सांगते; मी मागचं नाव वाचते; अण्णा लिहितात आणि लिहून झालं की आईला परत वाचून दाखवतात. आईनं 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढची पट्टी निघत नाही. परवा या कामाला पाऊण तास लागला आणि मालिका बुडाली म्हणून आई कुरकुरली, पण उठली नाही.

एका गोळीपाशी गाडी अडली. रात्रीची, फिकट पिवळी, त्या पहिल्याच दवाखान्यातून आलेली. नाव सापडलं, पण 'कशासाठी'च्या रकान्यात काय लिहायचं ते कुणालाच येईना. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुला सांगितलं असेल ना त्या डॉक्टरनं, घरी सोडताना. काय म्हणाला होता, सांग बघू."

मी डोळे मिटून आठवायला लागले. होल्डवरचं संगीत आठवलं, चाल सुद्धा आठवली. पेनाचं टोक ओळीवरून ओळीवर उतरताना आठवलं. शाईचा डाग, काउंटरवरचा तो डबा, पिशवीची गाठ. म्हातारबाबांची बिडी. त्याचे ओठ हलत होते, तेही दिसलं. शब्द मात्र एकही नाही. "नाही आठवत," मी म्हटलं, आणि का आठवत नाही तेही सगळं सांगून टाकलं, फोनचं, डब्याचं, सगळं.

अण्णांनी रकाना रिकामा सोडला. डाव्या हातानं पेनाला टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"उद्या जाऊन विचारून ये," ते म्हणाले. "आणि तो पोरगा भेटला तर त्यालाही विचार, त्या दिवशी जेवला होता का म्हणून."